पंत उठून गेल्यावर

मांजर हा अत्यंत स्वच्छ प्राणी आहे, असं मांजर न पाळणारी माणसं फार ठामपणे सांगतात. ते खोटं नाही. मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं, जेवल्यावर मिशा पुसतं आणि देहधर्म उरकला की वर माती ओढून पुरावा नष्ट करतं. कुत्र्यावर हे संस्कार नाहीत. पण मातीखाली गाडता येतो तो ऐवज घन असतो. वायूची तजवीज निसर्गाने मांजराच्या बाबतीत केलेली नाही, आणि टू बीएचकेच्या बाबतीत बिल्डरने केलेली नाही.

आमच्या बोक्याचं नाव पंत. रंगाने पिवळा, अंगाने भरदार, कपाळावर जन्मजात उभं गंध. चिरंजीवांनी कॉलेजच्या पार्किंगमधून उचलून आणलं तेव्हा तो ओंजळीत मावत होता आणि त्याचं नाव सिंबा होतं. आईने त्याची बसण्याची ऐट पाहिली आणि "या पंत, बसा," म्हणाली. तेव्हापासून घरात त्याचा उल्लेख आदरार्थीच होतो. पंत जेवले. पंत निजले. पंत पडद्यावर चढले. त्यामुळे पुढे जे सांगायचं आहे तेही आदरार्थीच सांगणं भाग आहे.

पंतांचा वारा सरतो तेव्हा आवाज होत नाही. सगळा घोटाळा इथे आहे. माणसाच्या बाबतीत बहुधा आधी वर्दी येते, मग वस्तुस्थिती. पंतांची पद्धत वेगळी. ते सोफ्यावर आपल्या शेजारी निवांत पडलेले असतात. एकाएकी उठतात, पाठीची कमान करतात, मान वळवून स्वतःच्या मागे एकदा हुंगतात, "काय हे घर!" असा चेहरा करतात आणि बाल्कनीत निघून जातात. वास त्यानंतर पोचतो. तोवर सोफ्यावर पंत नसतात, फक्त माणसं असतात.

त्यामुळे सुरुवातीच्या काळात आमच्या कुटुंबातला परस्परविश्वास पार रसातळाला गेला होता. मध्यमवर्गीय मराठी घरात पगार, दुखणी, नातेवाइकांचे घटस्फोट, कशावरही मोकळेपणी बोलता येतं. या एका विषयावर मात्र कुणी थेट बोलत नाही. नुसता पंख्याचा वेग वाढवला जातो. मग स्वयंपाकघरातून धोरणात्मक निर्णय होऊ लागले. कडव्या वालांची उसळ बंद झाली. मुळा यायचा थांबला. आईच्या उपासातली रताळी गेली. माझ्या ताटाशेजारी, एक अक्षरही न बोलता, भाजलेल्या ओव्याची वाटी येऊन बसू लागली. मी तो ओवा निमूट चावत होतो. नको म्हटलं असतं तर विषय निघाला असता. चिरंजीव जेवण झालं की खोलीत जाऊन दार लावून घेत, आणि दार का लावून घेतो म्हणून संशय त्यांच्यावरही होताच.

शिवाय आम्ही डोंबिवलीचे. इथल्या माणसाला वासाचा उगम घरात शोधायची सवय नाही. २०१४ साली ज्या गावात हिरवा पाऊस पडला, तिथली माणसं रात्री खिडकीतून हवा हुंगतात आणि "आज कारखान्यांनी काहीतरी सोडलेलं दिसतंय" म्हणून खिडकी लावून शांत झोपतात. आईचं निदानही हेच होतं. तिने सगळ्या खिडक्या कड्या घालून बंद केल्या. अर्थात, वासाची गैरसोय टळली. त्याला बाहेर जावं लागेना.

उलगडा झाला तो चैत्रातल्या हळदीकुंकवाला. हॉलमध्ये बायका दाटीवाटीने बसलेल्या, हातात वाटली डाळ, पुढ्यात पन्हं, केसांत मोगऱ्याचे गजरे. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. तेच इंडोल विष्ठेच्या वासातही असतं. अगदी किंचित असलं तर माणूस गजरा विकत घेतो, जास्त झालं तर नाक धरतो. त्या संध्याकाळी हॉलमध्ये ते गजऱ्यापुरतंच होतं, तोवर पंत सोफ्याखालून बाहेर आले. थांबले. मागे हुंगून गेले.

डाळ खाणाऱ्या हातांचा वेग मंदावला. हरभऱ्याची डाळ हातात असताना असा प्रसंग ओढवावा, हे त्या माउल्यांचं दुर्दैव. प्रत्येकीने शेजारणीकडे न बघण्याची पराकाष्ठा केली. तेवढ्यात समोरच्या काकू ताडकन उठल्या. "गॅस! अहो, गॅस गळतोय! कुणी दिव्याच्या बटणाला हात लावू नका!" बायकांना एवढा दिलासा मिळालेला मी प्रथमच पाहिला. गॅस गळणं हे संकट होतं खरं, पण त्यात कुणाची अब्रू जात नव्हती. रेग्युलेटर बंद झाला, खिडक्या सताड उघडल्या, ओट्या पदरात सांभाळत सगळ्या जणी जिना उतरल्या आणि कुणीतरी गॅसगळतीच्या १९०६ नंबरला फोनही लावला.

मेकॅनिक आला. शांत माणूस. त्याने रेग्युलेटर तपासला, नळीवर छापलेली मुदत वाचली, वाटीत साबणाचं पाणी करून नळीला, जोडाला, शेगडीच्या कॉकला बोटाने फासलं. गळती असेल तिथे फुगे धरतात. एक फुगा येईना. "वास तर होता म्हणता?" "वीस बायका साक्षीला आहेत," बायको म्हणाली. तो ओट्याशी वाकून पुन्हा फासू लागला. पंतांना साबणाच्या पाण्याबद्दल कुतूहल. ते ओट्यावर चढले आणि त्याच्या कानाशी जाऊन बसले. थोडा वेळ बसले. उठले. मागे हुंगलं. गेले. मेकॅनिकची बोटं थांबली. त्याने सावकाश मान वळवली, श्वास रोखला आणि मला म्हणाला, "साहेब, तुमचा लीक आत्ताच बाल्कनीत गेला."

पावतीवर त्याने "तक्रार आढळली नाही" असं लिहिलं, ही त्याची सज्जनता.

काकूंच्या नाकाला मात्र मी दोष देणार नाही. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. ते गंधकाचं संयुग. माणसाचं नाक त्याला इतकं हळवं असतं की हवेत नाममात्र असलं तरी समजतं. आणि मांजर पडलं पक्कं मांसाहारी. त्याच्या खाण्यात प्रथिनं भरपूर, त्या प्रथिनांत गंधक, आणि न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या हाती लागलं की ते त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन तयार करतात. म्हणजे पंत आणि सिलिंडर एकाच कुळातला वास बाळगून आहेत. फरक एवढाच, की सिलिंडरला रेग्युलेटर आहे.

आरोपी सापडल्यावर घरातलं वातावरण एकदम निवळलं. इतके दिवस एकमेकांकडे संशयाने पाहणारी माणसं मोकळेपणी हसू लागली. ओव्याची वाटी गेली, वाल परतले. पंतांना घेऊन आम्ही सहकुटुंब जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, आवाज करडा. त्यांनी पोट दाबून पाहिलं, शेपटी वर करून पाहिली. तिथे दोन्ही अंगाला दोन ग्रंथी असतात, त्या तुंबल्या तर सडक्या मासळीचा वास मारतात, असं कळलं. पंतांच्या ग्रंथी निर्दोष होत्या. मग मॅडमनी वही उघडली. "काय काय खातो?"

"फक्त कॅट फूड," बायको म्हणाली.

"फक्त?"

इथून पुढे जे घडलं त्याला कबुलीजबाब म्हणतात. "मी आपलं सकाळ-संध्याकाळ बशीभर दूध घालते," आई म्हणाली. "मुक्या जिवाला दूध घालायचं नाही तर काय?" "सकाळ-संध्याकाळ?" बायकोने विचारलं, कारण दुपारचं दूध ती घालत होती. चिरंजीवांच्या खात्यावर चीजचे तुकडे आणि पिझ्झ्यावरचं काहीतरी निघालं. बायकोकडे आणखी सुकट निघाली, मूठभर, "अधूनमधून". पंत दारात भेटले की समोरच्या काकू ग्लुकोजचं बिस्किट देतात, ही माहिती आईने दिली. माझं नाव निघणार तेवढ्यात पंत टेबलावरून उतरू लागले आणि मॅडमचं लक्ष तिकडे गेलं. पंतांनी केलेले उपकार मोजायला बसलो तर हा एक मी वरच्या बाजूला ठेवीन.

"आधी नमुना आणा. ताजा," मॅडम म्हणाल्या.

नमुना गोळा करण्याचं वर्णन टाळतो. तो घरात उपलब्ध असलेल्या एकमेव घट्ट झाकणाच्या डब्यातून न्यावा लागला आणि त्या डब्यावर 'आम्रखंड, ५०० ग्रॅम' असं लिहिलेलं होतं, एवढं सांगतो. शेअर रिक्षात मी डबा मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी लेबल वाचलं. "अरे वा. पाहुणे वाटतं?" "हो," मी म्हणालो. "आंब्याचा सीझन आहे, घरी करावं," ते म्हणाले. "घरचंच आहे," एवढं मी खरं बोललो.

सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी निघाली नाहीत, जिआर्डिया नावाचा, विष्ठेला भयंकर वास आणणारा परजीवीही निघाला नाही. "सुरुवात दुधापासून करा," मॅडमनी फोनवर निकाल दिला. "बंद."

आईला हा धक्का होता. मांजर आणि दूध ही जोडी तिने बाळपणापासून ऐकलेली. पण वस्तुस्थिती अशी, की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज पिल्लाच्या आतड्यात असतं ते आईचं दूध पिण्यापुरतं. अंगावरचं दूध तुटलं की हे लॅक्टेज आटत जातं. मग ती साखर न पचता थेट मोठ्या आतड्यात उतरते, तिथे जंतू ती आंबवतात, पाणी सुटतं, वायू धरतो. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा जग आपल्याला पाहत नाही असं त्याला वाटतं म्हणतात. जग पाहत नसेलही, पण संध्याकाळपर्यंत जगाला कळतं.

बिस्किटाचं तर त्याहून हास्यास्पद. मांजराला गोड लागतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक जीन मांजरकुळात निकामी झालेला आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. वाघालाही गोड कळत नाही. पंत इतकी वर्षं बिस्किटाची चव न कळता बिस्किट खात होते, केवळ काकूंचं मन राखायला. हा गुण मी माणसांत फक्त जावयांमध्ये पाहिला आहे.

बातमी सोसायटीत फुटल्यावर उपायांचा पूर आला. समोरच्या काकांचं म्हणणं, मांसाहाराने तमोगुण वाढतो, मग वास सुटणारच, तेव्हा पंतांना दहीभातावर आणा. काकांच्या सात्त्विकतेबद्दल मला आदर आहे, पण मांजराला टॉरिन लागतं. ते त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही आणि ते मिळतं मांस-मासळीतून. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा जातो. हृदय फुगून निकामी होतं तेही त्यामुळेच, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी सिद्ध केलं आणि त्यानंतर मांजरांच्या खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. दहीभात खाऊन पंत सात्त्विक झाले असते, पण लवकरच स्वर्गवासीही झाले असते.

आईचा भर हिंगाच्या पाण्यावर आणि लसणीच्या पाकळीवर होता. तान्ह्या मुलांच्या बेंबीला हिंग लावून तिने आमची पिढी वाढवली आहे. मॅडमनी हे ऐकून पहिल्यांदा आवाज चढवला. कांदा, लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, अगदी शिजवलेले असले तरी. पोट दुखतंय असं वाटून घरातली पॅरासिटामॉल दिली तर एक गोळीही जीव घेऊ शकते. कारण मांजराच्या यकृतात ती निवारणारी एक यंत्रणाच धड नाही. फिनेलचंही तेच, जमिनीवर पुसा आणि पंतांनी पंजे चाटले की पोटात. डांबरगोळ्यांचं नाव काढू नका म्हणाल्या. एकूण, आमच्या घरात वासाविरुद्ध जी जी शस्त्रं होती ती सगळी पंतांवर उलटणारी निघाली. उरली उदबत्ती. ती लावल्यावर वास जात नाही, देवळामागे उघडं गटार असावं तसं दोन्ही एकदम येतं. शिवाय धुराने पंत शिंकतात. शेवटी खिडकी उघडी ठेवणे हा एकच उपाय सर्वमान्य झाला. आईने कड्या काढल्या.

मग लिटर बॉक्स. पूर्वी आजोळी, गुहागरकडे, मांजरांना मागचं परसू मोकळं होतं. माडाच्या अळ्यातली माती उकरायची, काम उरकायचं, माती ओढायची. घरात कुणाच्या नाकाला पत्ता लागत नसे. त्यांना काही नाव नसायचं, डॉक्टर नसायचे, आणि बहुतेक वायू वाऱ्यावर जात असे. आमच्या पंतांना परसू म्हणून मिळाला प्लॅस्टिकचा ट्रे. या ट्रेमागे एक इतिहास आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली, त्याने तिला वाळूऐवजी फुलर्स अर्थचे दाणे दिले आणि त्यातून मांजराच्या शौचमातीचा प्रचंड धंदा उभा राहिला. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. माझी मेहुणी रविवारी तीच चेहऱ्याला लावून बसते. ही माहिती मी तिला अद्याप दिलेली नाही. योग्य प्रसंगाच्या प्रतीक्षेत आहे.

हल्ली ट्रेमध्ये त्या मातीच्या जागी बेंटोनाइट आलंय. ओल लागली की गोळा धरतं, आपल्या कच्छमध्ये भरपूर निघतं. गोळे उचलायला दुकानात प्लॅस्टिकचा स्कूप मिळतो, तो आठवड्यात मोडला. बायकोने भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा झारा आणला, हा पुऱ्यांच्या झाऱ्यात मिसळू नये म्हणून त्याच्या दांड्याला लाल नेलपॉलिश लावलं आणि तो बाथरूमच्या खुंटीला टांगला. तरीही परवा पुऱ्या तळताना आईने हातात झारा घेतल्यावर घरातल्या सगळ्यांच्या नजरा आधी दांड्याकडे गेल्या.

खरी लढाई खाण्यावरून झाली. मॅडमनी पचायला हलकं असं नवं खाणं लिहून दिलं. ते एकदम बदलायचं नाही, बदललं तर पोट आणखी बिघडतं. पहिल्या दिवशी जुन्यात चिमूटभर नवं, मग हळूहळू प्रमाण वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण नवं. पंतांना मिसळणीचं हे राजकारण पहिल्याच घासात उमगलं. त्यांनी वाटीतले जुने दाणे निवडून खाल्ले आणि नवे दाणे एकेक करून वाटीबाहेर काढून ठेवले. ओळीने. दुसऱ्या दिवशी तेही नाही; वाटीकडे पाठ करून बसले. "भूक लागली की खातील," मी म्हणालो. आमच्या वडिलांनी आम्हाला याच तत्त्वावर दोडका खायला लावला होता. पण मांजराच्या बाबतीत हे तत्त्व चालत नाही. ते काही दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगाने जाड असलं, तर चरबी यकृतात साठून गंभीर आजार होतो. म्हणजे उपोषणाला बसलेल्याचं सरकारला ऐकावंच लागतं. आईने वाटाघाटी केल्या. चमचाभर उकडलेल्या कोंबडीचं पाणी, बिनमिठाचं, नव्या खाण्यावर ओतलं आणि वाटीजवळ पाट टाकून बसली. "पंत, दोन घास घ्या. माझ्यासाठी." पंतांनी घेतले. मांजर हावरटासारखं खातं तेव्हा हवाही गिळतं, म्हणून चिरंजीवांनी उंचवटे असलेली ताटली आणली. त्यात दाणे अडकतात, एकेक काढून खावं लागतं. पंतांनी ती उलटी केली आणि सगळे दाणे जमिनीवरून खाल्ले.

तरीही गुण आला. पाऊस सुरू होईतो पंतांचा वारा जवळजवळ थांबला. काकूंची बिस्किटं बंद झाली (त्या आता माझ्या आईला देतात). दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने कमी झाला. पंत सोफ्यावर शेजारी येऊन बसले तरी कुणी उठून जाईना. मॅडम म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देत चला, बाकी उत्तम.

आणि मग आली आषाढी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरी, आणि निर्दोष ठरून परत आलेली रताळी. रात्री सगळे टीव्हीसमोर. पंत फ्रिजवर. थोड्या वेळाने हॉलमध्ये ते पसरलं. सवयीने चौघांच्या माना एकदम फ्रिजकडे वळल्या. पंत जागचे हलले नव्हते. त्यांनी नाक वर करून एकदा हवा घेतली, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, प्रत्येकाकडे सारखाच वेळ, खाली उडी मारली आणि आतल्या खोलीत निघून गेले.

"कारखान्यांनी काहीतरी सोडलेलं दिसतंय," आई म्हणाली, आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.